वाचकांचे प्रश्न: कामेइदोच्या बागेतली जांभळी वेल

यावेळी जपानी लाकडी ठशांच्या चित्रांवर एकदम पाच प्रश्न आलेत, त्यामुळे बाकीचे विषय पुढच्या अंकात घेते. नाशिकच्या ताईंचा प्रश्न मोठा आहे, त्याला उत्तरही मोठंच दिलंय, बाकीच्यांनी तेही वाचा कारण पुढच्या उत्तरांत त्याच चित्राचा धागा आहे.

प्रश्न: माझा मुलगा दोन वर्षं तोक्योला नोकरीला होता, दिवाळीत आला तेव्हा एक चित्र घेऊन आला. लाकडी ठशांनी हाताने छापलेलं आहे म्हणाला, हिरोशिगे नावाच्या चित्रकाराचं, कामेइदो नावाच्या देवळातली बाग. वरून जांभळ्या फुलांचे घोस लोंबतायत, मागे तळं आणि एक गोल कमानीचा पूल. मला बघून खूप शांत वाटतं. पण घरात सगळे म्हणतात की यात सावल्या नाहीत, खोली नाही, माणसं मुंगीएवढी आहेत, कॅलेंडरसारखं दिसतंय. मला काही उत्तर देता येत नाही. यात नेमकं बघायचं काय आणि कसं? — एक वाचक, नाशिक

उत्तर: ताई, पहिलं म्हणजे चित्राला अजून फ्रेम केली नसेल तर इतक्यात करू नका. हात धुवून, कोरडे करून, दोन्ही हातांनी कडेला धरा आणि खिडकीपाशी घेऊन जा, ऊन पडत असेल तिथे नको, नुसता उजेड असेल तिथे, आणि जरा तिरपं करून बघा. ही चित्रं भिंतीवर टांगण्यासाठी छापलेलीच नव्हती. एदो म्हणजे जुन्या तोक्योत लोक ती दुकानातून विकत घ्यायचे, एक-दोन वाट्या सोबा नूडल्सच्या किमतीत मिळायची, घरी नेऊन चटईवर पसरून बघायचे, शेजाऱ्याला दाखवायचे आणि परत ठेवून द्यायचे. आकारही तसाच आहे ना, साधारण 36 बाय 24 सेंटीमीटर, म्हणजे आपल्या मासिकापेक्षा थोडं मोठं. जेवढं हातात मावतं तेवढं. भिंतीवर सात फुटांवरून बघितलं तर खरंच कॅलेंडर वाटेल, त्यात घरच्यांची चूक नाही, अंतर चुकतंय.

तिरपं धरलं की कागद दिसायला लागतो. तुतीच्या जातीतल्या कोझो नावाच्या झाडाच्या सालीपासून बनवतात तो, धागे लांब असतात, म्हणून ओला करून पंधरा-वीस वेळा ठशावर दाबला तरी फाटत नाही. रंग त्या धाग्यांमध्ये मुरलेला दिसेल, वर थर बसलेला नाही. काही ठिकाणी रेघेची बारीकशी खोलगट जागा बोटाला लागेल असं वाटेल, पण बोट लावू नका, डोळ्यांनीच बघा.

आता फुलं. ती वेल म्हणजे विस्टेरिया, जपानीत फुजी म्हणतात (डोंगराचं नावही फुजीच, पण तो शब्द वेगळा). आपल्याकडचा बहावा आठवा, तसेच झुबके खाली लोंबतात, रंग मात्र जांभळा. आणि तुम्ही नाशिकच्या, तुम्हाला द्राक्षाचा मांडव वेगळा सांगायला नको, ही वेलसुद्धा मांडवावरच चढवतात. मांडवाखाली उभं राहून बाहेर बघितलं की घड अगदी कपाळाशी येतात आणि त्यांच्यामधल्या फटीतून लांबचं दिसतं, बरोबर? हिरोशिगेने तुम्हाला नेमकं तिथेच उभं केलंय. तो बाग दाखवत नाहीये, बागेत आणून उभं करतोय. घोस इतके मोठे आणि पलीकडच्या काठावरची माणसं इतकी छोटी, आणि या दोघांच्या मध्ये अंतर दाखवायला काहीच ठेवलेलं नाही, नुसतं पाणी. डोळा एका उडीत इथून तिथे जातो. घरचे खोली नाही म्हणतात ना, ती या उडीत आहे. युरोपातल्या चित्रकारांना याच गोष्टीने वेड लावलं होतं. हे चित्र ज्या मालिकेतलं आहे, त्याच मालिकेत कामेइदोच्याच एका आलुबुखाराच्या बागेचं चित्र आहे, समोर झाडाचं भलंमोठं खोड आणि मागे बारीक माणसं, ते व्हॅन गॉगने 1887 मध्ये तेलरंगात उतरवून काढलं होतं, शिकण्यासाठी. आणि फ्रेंच चित्रकार मोनेच्या जिव्हर्नी गावातल्या घरात जपानी प्रिंटांचा संग्रह होता, 231, जेवणघराच्या भिंतीसुद्धा त्यांनी भरलेल्या. त्याने आपल्या बागेत तळं खोदून कमानीचा पूल बांधला, त्यावर विस्टेरियाही चढवली.

सावलीचं म्हणाल तर सावली खरंच नाही. सावली आली की घड्याळ आलं, आता दहा वाजलेत की चार ते ठरतं. या चित्रात वेळ ठरलेली नाही, ऋतू मात्र पक्का ठरलेला आहे, एप्रिलचा शेवट ते मेचा पहिला आठवडा, तेव्हाच हा बहर असतो. मला वाटतं तुम्हाला जे शांत वाटतं त्याचं एक कारण हे आहे, तिथे पुढच्या तासाला काही बदलणार नाहीये.

मुंगीएवढ्या माणसांकडे मात्र भिंग घेऊन बघा, मी सिरियसली सांगतेय. काठावर बसून मंडळी तळ्याकडे बघतायत, कोणी पूल चढतंय. हे सुगावारा नो मिचिझानेचं देऊळ आहे, नवव्या शतकातला विद्वान आणि कवी, मरणानंतर त्याला विद्येचा देव मानायला लागले, आजही परीक्षेच्या दिवसांत जपानी पोरं तिथे नवस बोलायला जातात. कामेइदोचं देऊळ 1660 च्या दशकातलं. देवळापर्यंत जायला तीन पूल आहेत, दोन कमानीचे आणि मधला सपाट, भूतकाळ, वर्तमान आणि भविष्य असं मानतात, म्हणजे वर्तमान काय तो सपाट. कमानीच्या पुलाला ताइको-बाशी म्हणतात, ढोलाचा पूल, कारण स्थिर पाण्यात त्याचं प्रतिबिंब पडलं की वरची कमान आणि खालची कमान मिळून ढोलासारखा पूर्ण गोल होतो.

त्या पुलाच्या कमानीखालची जागा नीट बघा. अगदी सुरुवातीच्या छाप्यांत तिथे गडबड झाली होती, कमानीतून जिथे पलीकडचं दिसायला हवं तिथेही पाण्याचाच निळा रंग गेला, नंतरच्या छाप्यांत ते दुरुस्त केलं. तुमच्या प्रतीत काय आहे ते मला नक्की कळवा, त्यावरून कळेल की ती करणाऱ्यांनी कुठल्या छाप्यावरून केलीय.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. हे चित्र 1856 चं. त्याच्या आधीच्या वर्षी, नोव्हेंबर 1855 मध्ये, एदोत मोठा भूकंप झाला होता, पाठोपाठ आगी लागल्या, हजारो माणसं गेली, आणि सुमिदा नदीच्या पूर्वेचा सखल भाग, ज्या बाजूला हे कामेइदो आहे, तिथे फार पडझड झाली. हिरोशिगेचं घराणं आग विझवणाऱ्या पथकातलं, आई-वडील गेल्यावर बारा-तेराव्या वर्षी वडिलांची जागा त्याच्याकडे आली आणि बरीच वर्षं त्याने ती सांभाळली. जळलेलं शहर म्हणजे काय हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती. त्या माणसाने भूकंपानंतर काही महिन्यांतच एदोच्या शंभर प्रसिद्ध जागांची मालिका सुरू केली, नावात शंभर, प्रत्यक्षात त्याने 118 चित्रं दिली आणि 1858 मध्ये गेला. मालिकेत त्याने ढिगारे काढले नाहीत, वेल काढली, पूल काढला, काठावर निवांत बसलेली माणसं काढली. तो असं का करत होता ते त्याने कुठे लिहून ठेवलेलं नाही, पण मी हे चित्र बघते तेव्हा मला त्या बसलेल्या माणसांचा निवांतपणा फार मोलाचा वाटतो. घरच्यांना एवढं सांगून मग परत चित्र हातात द्या.

प्रश्न: मी अप्लाइड आर्टच्या दुसऱ्या वर्षाला आहे. हिरोशिगेच्या चित्रांत आकाश वर गडद आणि खाली येताना फिकट होत जातं, पाण्याचंही तसंच. लाकडाच्या ठशाने असं ग्रेडेशन येतं कसं? नंतर ब्रशने रंगवतात का? — विद्यार्थिनी, ठाणे

उत्तर: नाही गं, कागदावर ब्रश लागतच नाही, सगळी करामत ठशावर होते. त्याला बोकाशी म्हणतात. ठशाचा तो भाग ओल्या फडक्याने पुसून ओलसर करतात, मग एका कडेला रंग आणि थोडी तांदळाची खळ टाकून ब्रश आडवा फिरवतात, रंग ओल्या भागात पसरत पसरत फिका होत जातो, आणि लगेच कागद ठेवून दाबतात. पुढच्या कागदासाठी परत पहिल्यापासून. शंभर कागद म्हणजे शंभर वेळा. म्हणून एकाच चित्राच्या दोन प्रती शेजारी ठेवल्या तर आकाशातली ती निळी पट्टी एकात रुंद असते आणि दुसऱ्यात अरुंद, छापणाऱ्याच्या हाताचा अंदाज तो.

मुळात ही एका माणसाची कला नाही हे लक्षात ठेव. चित्रकार पातळ कागदावर शाईने रेखाटन करून देतो, कोरणारा तो कागद उलटा करून चेरीच्या लाकडावर चिकटवतो आणि रेघा सोडून बाकीचं लाकूड काढत जातो, त्यात मूळ रेखाटन संपूनच जातं, उरतच नाही. मग प्रत्येक रंगाचा वेगळा ठसा. कागद प्रत्येक वेळी त्याच जागी बसावा म्हणून प्रत्येक ठशाच्या कोपऱ्यात आणि एका कडेला खोबणी कोरलेली असते, तिला केंतो म्हणतात, ती केसभर चुकली तर रंग रेघेबाहेर. दाबायला प्रेस नाही, बारेन नावाची हातात मावेल अशी गोल चकती असते, बांबूच्या सालीत गुंडाळलेली, ती कागदाच्या पाठीवर घासतात. या सगळ्याला पैसा लावणारा आणि काय खपेल ते ठरवणारा प्रकाशक चौथा. चित्रकाराची सही असते, प्रकाशकाचा शिक्का असतो, कोरणाऱ्याचं आणि छापणाऱ्याचं नाव बहुतेक चित्रांवर नसतं, मला हे कायम खटकतं, कारण तू ज्या ग्रेडेशनवर फिदा आहेस ते छापणाऱ्याच्या हातातलं आहे.

आपल्याकडे लोणावळ्याजवळ मळवलीला रविवर्मा प्रेसमध्ये ओलिओग्राफ, म्हणजे तैलचित्रासारखी दिसणारी चित्रं, छापायचे तेव्हाही प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागायचा, लॉजिक तेच, पण तिथे मशीन होतं आणि तेलकट शाई. जपानी रंग पाण्यातले, म्हणून तो पारदर्शकपणा.

आणि तो निळा. तो मूळचा जपानी नव्हे, बर्लिनमध्ये सापडलेला प्रशियन ब्लू, जपानी लोक त्याला बेरो म्हणायचे, बर्लिनवरून. 1830 च्या आसपास तो स्वस्तात मिळायला लागला आणि पाणी-आकाशाची चित्रं एकदम बदलली, कारण आधीचे वनस्पतींचे निळे रंग उजेडात लवकर उडायचे, हा टिकतो आणि अतिशय पातळ केला तरी सुंदर दिसतो. घरी करून बघायचं असेल तर लिनोवर पोस्टर कलर आणि भाताची पेज घेऊन बोकाशी मार, पहिले दहा कागद वाया जातील, जाऊ देत.

प्रश्न: ऑनलाइन एक हिरोशिगे बघितला आहे, विकणारा ओरिजिनल म्हणतो. कसं ओळखावं? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: काका, फोटोवरून पैसे पाठवू नका. "ओरिजिनल" या शब्दाचे इथे तीन अर्थ होतात: 1850 च्या दशकात छापलेलं, नंतर कधीतरी नव्याने ठसे कोरून पण हातानेच छापलेलं, आणि निव्वळ मशीनवरचं पोस्टर. तिसरं ओळखणं सोपं आहे, भिंगाखाली बारीक ठिपक्यांची जाळी दिसते. हाताच्या छपाईत ठिपके नसतात, आणि कागद उलटा केला की रंग मागे झिरपलेला दिसतो, बारेनचे गोल गोल घासलेले माग दिसतात. म्हणून विकणाऱ्याकडे मागच्या बाजूचा फोटो मागा. पहिलं आणि दुसरं वेगळं करणं मात्र जाणकाराचं काम आहे. जुन्या प्रतींवर सेन्सॉरचा आणि महिन्याचा शिक्का असतो, कामेइदोच्या चित्रावर ड्रॅगन वर्षाचा, म्हणजे 1856 चा, जुन्या जपानी पंचांगाप्रमाणे सातवा महिना आहे, म्हणजे बहर वसंतातला पण चित्र बाजारात आलं ऑगस्टच्या सुमारास. पण नव्या ठशांत शिक्केही जसेच्या तसे कोरतात, त्यामुळे शिक्का आहे म्हणजे जुनंच असं नाही.

माझं मत विचाराल तर हातानं छापलेली नवी प्रत घ्या. तोक्योत आजही कारागीर ठसे कोरून हीच चित्रं करतात, रंग ताजे असतात, म्हणजे एदोतल्या गिऱ्हाइकाने दुकानात जे बघितलं त्याच्या जवळ जाणारं तुम्हाला बघायला मिळतं.

प्रश्न: फ्रेम कशी करावी? आमच्याकडे पावसाळ्यात भिंतीला ओल येते. — एक वाचक, डोंबिवली

उत्तर: ओलीच्या भिंतीवर नकोच. बाहेरच्या बाजूची भिंत, बाथरूमला लागून असलेली भिंत आणि समोरून ऊन येतं ती भिंत, या तिन्ही सोडून द्या. फ्रेमवाल्याला तीन गोष्टी आधी लिहून द्या: लॅमिनेशन नाही, चित्र पुठ्ठ्याला चिकटवायचं नाही, कडा कापायच्या नाहीत. मी हे तोंडी सांगितलं होतं आणि एका फ्रेमवाल्याने माझ्याकडचं पावसाचं एक छोटं प्रिंट फ्रेमच्या मापात बसावं म्हणून चारही बाजूंनी कापलं, प्रकाशकाचं नाव होतं ती डावीकडची पांढरी कड गेली, आणि वर अख्खं डिंकाने बोर्डवर चिकटवून ठेवलं. दोन पावसाळ्यांत त्याला लाटा आल्या. अजून आहे माझ्याकडे, टाकवत नाही.

ॲसिड-फ्री माउंट (चित्राभोवतीचा, कागद पिवळा न पाडणारा पुठ्ठा) मागा, चित्र वरच्या दोन टोकांना जपानी कागदाच्या छोट्या पट्ट्यांनी आणि गव्हाच्या खळीने अडकवायचं, म्हणजे कधीही पाण्याने सुटतं. सेलोटेप अजिबात नको, पिवळा डाग पडतो तो जात नाही. काच आणि चित्र यांच्यामध्ये माउंटच्या जाडीएवढी तरी फट हवी. म्युझियममध्ये ही चित्रं काही आठवडे दाखवून परत अंधारात ठेवतात, तुम्हीही वर्षातून थोडे महिनेच लावा, पावसाळ्यात काढून फोल्डरमध्ये आडवी ठेवा आणि कसर लागत नाही ना ते अधूनमधून बघा. डांबरगोळ्या थेट कागदाला लागू देऊ नका.

प्रश्न: जपानला जाणं होणार नाही. अशी बाग आणि अशी चित्रं इथे राहून कशी अनुभवता येतील? — एक वाचक, पुणे

उत्तर: बाग तर तुमच्याच शहरात आहे. सिंहगड रोडवरचं पु. ल. देशपांडे उद्यान जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलंय, ती मूळ बाग 1700 साली पूर्ण झाली. रविवारी संध्याकाळी जाऊ नका, गर्दीत तिचा पत्ता लागत नाही, आठवड्यातल्या मधल्या दिवशी सकाळी जा. वाट मुद्दाम वळणावळणाची आहे, एका जागेवरून सगळी बाग दिसू नये म्हणून, दर वळणाला थांबून समोरची फांदी आणि तिच्यामागचं पाणी एकाच नजरेत पकडायचा प्रयत्न करा, हिरोशिगेचं चित्र कसं बनलं ते पायांना कळेल.

चित्रांसाठी मोठ्या म्युझियमच्या साइट्स आहेत, मालिकेतली सगळी चित्रं मोठी करून बघता येतात. हिरोशिगेच्या कामेइदोनंतर लगेच योशिदा हिरोशी या चित्रकाराचं 1927 चं कामेइदोच्या पुलाचं चित्र उघडा. तीच बाग, तोच पूल, तीच वेल, मध्ये सत्तर वर्षं. योशिदा तेलरंग आणि जलरंग शिकलेला, त्यामुळे पाण्यावरचा उजेड त्याला वेगळा दिसतो, प्रतिबिंब त्याने किती जीव लावून केलंय बघा. हा माणूस 1930-31 च्या सुमारास भारतातही फिरून गेला आणि परत जाऊन त्याने ताजमहालाची प्रिंटं केली, दिवसाची वेगळी, रात्रीची वेगळी, आपल्या वेरूळचंही केलं. ते वेरूळ बघा एकदा. दगडाचा तो रंग त्याने चेरीच्या लाकडातून काढलाय, आणि आपण तिथे शाळेच्या सहलीपासून किती वेळा गेलोय.